कागदावरची बोली आणि कंठातला आवाज

जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस 'बहुत काय लिहिणे' हे शब्द वारंवार भेटतात. शिष्टाचाराचा एक भाग म्हणून आपण ते वाचून पुढे जातो. परंतु त्यांत एक खरी गोष्ट दडलेली आहे. पत्र नेणारा जासूद पुष्कळदा मजकुराचा काही भाग मुखानेच नेत असे. जे कागदावर घालणे धोक्याचे, किंवा जे घालताच येत नाही, ते त्याच्या तोंडून वदविले जाई. कागदाला मर्यादा आहे, याची जाणीव लिहिणाऱ्याला होती. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्या वाढल्या, दफ्तरे वाढली, आणि जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असा दंडक हळूहळू रूढ झाला.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना या दंडकाचा अनुभव रोजचा आहे. समोर उभा असलेला शेतकरी आपल्या बोलीत काही सांगत असतो. मध्येच थांबतो, घुटमळतो, एखादा शब्द दोनदा उच्चारतो, एखाद्या नावाशी येताच त्याचा आवाज खाली जातो. कारकून हे सारे ऐकतो आणि कागदावर स्वच्छ, व्याकरणशुद्ध, सरकारी भाषेत चार वाक्ये उतरवितो. शेवटी 'वाचून दाखविले, बरोबर आहे' अशी ओळ येते आणि तिच्याखाली अंगठा उमटतो. लबाडी यात कोणी केलेली नसते. तरीही त्या माणसाने जे सांगितले ते आणि कागदावर जे राहिले ते, ही दोन एकच नव्हेत. मधल्या मध्ये जे गळाले, तो त्याचा आवाज होता.

भारतातील बोलीभाषांची दखल घेण्याचा सरकारी दप्तरातील सर्वांत मोठा उद्योग नेमक्या याच अडचणीपाशी येऊन ठेपला होता. त्याचा इतिहास आपणासारख्यांना दोन कारणांनी जवळचा वाटावा. तो उद्योग करणारे बहुतेक लोक बदलीच्या नोकरीतले अधिकारी होते, आणि त्यासाठी त्यांनी देशभर जी एक गोष्ट वदवून घेतली, ती घर सोडून दूरदेशी गेलेल्या मुलाची होती.

१

आवाजाचा विचार आपल्या देशाला नवा नाही. शिक्षा आणि प्रातिशाख्य या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत वर्णांची स्थाने, प्रयत्न, घोष-अघोष हा भेद, उदात्तादी स्वर यांचे विवेचन इतक्या बारकाईने झाले आहे की, एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी त्याचा मोठ्या आस्थेने अभ्यास केला. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी याने अथर्ववेदाचे प्रातिशाख्य 1862 मध्ये आणि तैत्तिरीय प्रातिशाख्य 1871 मध्ये अनुवादासह प्रसिद्ध केले. परंतु हे सूक्ष्म श्रवण मुख्यतः वेदवाणीच्या रक्षणासाठी होते. नांगरामागे, पाणवठ्यावर किंवा बाजारात माणसे कोणत्या आवाजात बोलतात, हे टिपून ठेवण्याची गरज त्या परंपरेला भासली नाही.

लिपी हे काम आपोआप करील असे वाटते, पण ती करीत नाही. आपल्याच भाषेतील एक साधे उदाहरण घ्यावे. 'हे जग' आणि 'तू जग' यांतील 'जग' आपण एकाच अक्षरांनी लिहितो, पण एकात ज तालव्य आहे आणि दुसऱ्यात दंत्य. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. तो कानातून जिभेवर येतो. पुस्तकातून मराठी शिकणाऱ्याला मात्र लिपी याबाबतीत काडीचीही मदत करीत नाही. तीच गोष्ट वऱ्हाडाकडील बोलीची. 'काळा' आणि 'डोळा' हे शब्द तेथील खेड्यापाड्यांतून 'काया' आणि 'डोया' असे ऐकू येतात, पण लेखणी हाती घेतली की तोच माणूस मुकाट्याने ळ लिहितो. शाळेने त्याला तसे शिकविलेले असते. आणि 'हो' हा एवढासा शब्द घेतला, तर त्यात होकार आहे, शंका आहे, कंटाळा आहे की धमकी, हे केवळ आवाज सांगतो. कागदावर चारही 'हो' सारखेच दिसतात.

२

जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांचा जन्म 1851 मध्ये डब्लिनजवळ झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताबरोबरच संस्कृत आणि हिंदुस्थानी यांचेही अध्ययन करून ते सनदी नोकरीत आले आणि 1873 मध्ये बंगाल प्रांतात रुजू झाले. त्यांच्या नोकरीचा बराच काळ बिहारात गेला. न्यायालयातली आणि कचेरीतली हिंदुस्थानी एक आणि तेथील रयत बोलते ती भाषा दुसरी, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. बिहारी बोलींची व्याकरणे त्यांनी लिहिली. 1885 मध्ये बिहारच्या ग्रामजीवनावर जो ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला, तो म्हणजे नांगराच्या फाळापासून चुलीवरच्या भांड्यापर्यंत प्रत्येक वस्तूला तेथील माणूस काय म्हणतो याची एक अफाट यादी आहे. असली यादी टेबलाशी बसून होत नाही. त्यासाठी खळ्यात, गोठ्यात, कुंभाराच्या चाकाशी जाऊन विचारावे लागते आणि मुख्य म्हणजे ऐकावे लागते.

1886 मध्ये व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या परिषद भरली. भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी, असा ठराव तेथे झाला. कामाला प्रत्यक्ष प्रारंभ होण्यास 1894 साल उजाडले, आणि 1898 मध्ये ग्रियर्सन या पाहणीचे अधीक्षक झाले. पहिला भाग 1903 मध्ये निघाला व शेवटचा 1928 मध्ये. एकंदर अकरा खंड, एकोणीस भाग, 179 भाषा आणि 544 बोली असा हा पसारा आहे. निवृत्तीनंतर इंग्लंडात केंबर्ली येथे राहून ग्रियर्सन यांनी तो आवरला. काम संपले तेव्हा ते 77 वर्षांचे होते.

या पाहणीची रीत मोठी साधी होती. प्रत्येक जिल्ह्यातून प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागविले गेले. पहिला, बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचा त्या बोलीतील अनुवाद. दुसरा, तेथलीच एखादी लोककथा, गाणे किंवा हकिकत. आणि तिसरा, ठराविक शब्दांची व वाक्यांची यादी. दृष्टांताची निवड धर्मप्रसारासाठी नव्हती. त्या छोट्या कथेत तिन्ही पुरुषवाचक सर्वनामे येतात, नामांच्या बहुतेक विभक्ती येतात, क्रियापदाचे वर्तमान, भूत व भविष्य हे तिन्ही काळ येतात. भाषेचा सांगाडा पाहण्यास याहून सोयीचा मजकूर शोधूनही मिळाला नसता. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या कारकिर्दीत बोलींची जी पाहणी झाली, तिच्यासाठीही हीच कथा वापरली गेली होती. भारतीय श्रोत्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून तिच्यातील काही शब्द मात्र बदलून घेण्यात आले.

अशा रीतीने एका परमुलखाच्या कथेतील तो मुलगा देशभराच्या बोलींत फिरून आला. बापाकडून आपला वाटा मागून घ्यावा, दूर देशी जाऊन तो उधळावा, उपासमार झाली की घर आठवावे, आणि बापाला काय सांगायचे ते वाक्य मनाशी घोळीत परत निघावे, एवढीच ती गोष्ट. ज्यांनी ती गोळा केली ते जिल्हाधिकारी, तहसीलदार, शाळातपासनीस, पाद्री आणि शिक्षक यांपैकी कित्येक जण स्वतःच आपल्या मुलखापासून शेकडो कोसांवर होते. ती वाचताना त्यांना काय वाटले असेल, याची नोंद दप्तरात नाही. असल्या नोंदीसाठी तक्त्यात रकाना नसतो.

मराठीचा खंड सातवा. तो 1905 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याची सिद्धता ग्रियर्सन यांचे सहायक, नॉर्वेचे संस्कृतज्ञ स्टेन कोनो यांनी केली. देशावरची, कोकणातली, वऱ्हाड-नागपुराकडची अशी मराठीची रूपे त्यात शेजारी शेजारी मांडली आहेत. कोकणीही त्या खंडात मराठीच्या बोलींतच बसविलेली आहे. त्यावरून पुढे दीर्घकाळ वाद झाला. साहित्य अकादमीने 1975 मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि 1992 मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. खंडांच्या पाठीवर छापलेले नाव आणि बोलणाऱ्याच्या मनातले नाव नेहमी जुळतेच असे नाही, हे यावरून दिसते. खुद्द ग्रियर्सन यांनीही लिहून ठेवले आहे की, खेडुताला आपल्या बोलीचे नाव विचारले तर ते त्याला सांगता येत नाही. नाव असलेच तर ते शेजाऱ्याने दिलेले असते. आणि एक उणीव सांगावयास हवी. मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने पाहणीच्या कक्षेबाहेर होती. म्हणजे मराठवाड्याची मराठी आणि सतराव्या शतकात तंजावरात जाऊन रुजलेली मराठी या दोहोंच्या दारापर्यंत हा शोध पोहोचलाच नाही.

३

परंतु कक्षेपेक्षा मोठी उणीव रीतीतच होती. नमुने मागविले ते लिहून. ते लिहिणारा माणूस लिहिता-वाचता असणे ओघानेच आले. आणि लिहिता-वाचता माणूस बोलीत लिहू लागला की त्याचा हात नकळत शुद्धाकडे वळतो. वऱ्हाडातला ळ लिहिणारा शिक्षक आपण वर पाहिलाच. ज्याची बोली टिपावयाची तो बोलला, ज्याला अक्षर येते त्याने ते सुधारून लिहिले, आणि दूर इंग्लंडात बसलेल्या संपादकाने ते वाचून छापले. या तीन पायऱ्यांत भाषा उरली, पण ती बोलणारा कंठ नाहीसा झाला. जिल्ह्याचे नाव नमुन्याच्या मस्तकी राहिले.

या उणिवेवर उपाय म्हणून ग्रामोफोन पुढे आला. एडिसनने 1877 मध्ये आवाज साठविण्याची युक्ती शोधून काढली होती. भारतात तबकडीसाठी पहिले गायन 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास घेण्यात आले. त्या वेळची प्रसिद्ध गायिका गौहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे. तबकड्या तयार होत त्या जर्मनीत हॅनोव्हर येथे. तेथील कारागिराला हे गाणे कोणाचे ते समजावे म्हणून ती सोय होती. आज तिचे गाणे ऐकणाऱ्याच्या मनात गाण्याइतकेच ते नावही घर करून राहते. एका बाईने आपले नाव आपल्याच आवाजात काळाच्या हवाली केले, असे ते वाटते.

1913 ते 1929 या काळात निरनिराळ्या प्रांतांत भाषा-पाहणीसाठी तबकड्या तयार करण्यात आल्या. नव्वदांहून अधिक भाषा व बोलींच्या दोनशेंच्या वर ध्वनिमुद्रणांचा हा संग्रह आहे. पुष्कळ तबकड्यांवर तीच उधळ्या पुत्राची कथा आहे, आणि जोडीला एखादे गाणे किंवा हकिकत. ज्या मद्रास इलाख्याला छापील खंडांत जागा मिळाली नव्हती, तेथील भाषाही तबकडीवर आल्या, आणि त्यांतील मजकुराचे पुस्तक 1927 मध्ये मद्रासेस निघाले.

त्या काळची ध्वनिमुद्रणाची कृती आजच्यासारखी सुटसुटीत नव्हती. विजेचा मायक्रोफोन प्रचारात आला तो 1925 नंतर. तोपर्यंत बोलणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन खड्या आवाजात बोलावे लागे. त्याच्या श्वासाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, पडद्याला जोडलेली सुई हले आणि मेणाच्या चकतीवर तिची नागमोडी रेघ उमटे. त्या मेणावरून धातूचा साचा करीत आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या दाबून काढीत. म्हणजे आवाज प्रथम श्वास होता, मग थरथर झाला, मग रेघ आणि अखेर लाख. ही लाख जगाला पुरविणाऱ्या मुख्य प्रदेशांपैकी एक म्हणजे आपलेच छोटा नागपूर. तेथील पळस, कुसुम, बोर या झाडांच्या डहाळ्यांवर किड्यांनी केलेली लाख आदिवासी गोळा करीत. जगाचे गाणे ज्या लाखेवर कोरले जात होते, ती खरवडून आणणाऱ्यांची बोली तबकडीवर यावयास मात्र सरकारी पाहणीची वाट पाहावी लागली.

ही मुद्रणे आज शिकागो विद्यापीठाच्या अंकीय संग्रहातून कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. प्रथम खरखर ऐकू येते, मग त्या खरखरीच्या पलीकडून एक माणूस बोलू लागतो. त्याला जेमतेम तीन मिनिटे दिलेली आहेत. तो घाईत आहे, काहीसा ओरडून बोलतो आहे, बहुधा समोर धरलेल्या कागदावरूनच. म्हणजे येथेही कागद पाठ सोडीत नाही. पाठ म्हटल्यासारखे ते बोलणे घरच्या ओसरीवरचे बोलणे नव्हे, ही या तबकड्यांची मर्यादा मान्य केली पाहिजे. तरीसुद्धा छापील खंडात जे कोठेही सापडत नाही ते येथे आहे. श्वास कोठे संपला ते कळते. माणूस तरुण की वयस्क याचा अंदाज येतो. कोणत्या शब्दावर त्याची जीभ रेंगाळली ते ऐकू येते. सरकारने भाषेचा नमुना मागितला होता. त्याच्याबरोबर एक माणूस न मागता आला.

४

हेच सत्य त्याहून करुण रीतीने प्रकट झाले ते जर्मनीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यांतील वसाहतींचे हजारो शिपाई जर्मनांच्या हाती सापडले. त्यांतील पुष्कळांना बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडॉर्फ येथे अर्धचंद्र छावणी या नावाच्या बंदिवासात ठेवले होते. जगाच्या सर्व भागांतील भाषा जणू दाराशी आल्या आहेत, असे पाहून जर्मन पंडितांनी 1915 मध्ये एक ध्वनिमुद्रण आयोग स्थापन केला. अध्यक्ष कार्ल श्टुम्फ, कार्यवाह विल्हेल्म डोगेन, आणि भारतीय भाषांसाठी हाइनरिश ल्यूडर्स यांच्यासारखा थोर संस्कृतज्ञ. कैद्यांकडून सुमारे 1650 तबकड्या भरून घेण्यात आल्या. येथेही उधळ्या पुत्राची कथा अनेकांकडून वदविली गेली. घरी परत निघालेल्या मुलाची ती गोष्ट, ज्याला परत जाता येत नाही अशा माणसाच्या तोंडून!

11 डिसेंबर 1916 रोजी मल्ल सिंग या पंजाबी शिपायाला कर्ण्यासमोर उभे केले गेले. त्याने कथा सांगितली ती स्वतःचीच, पण 'मी' म्हणून नव्हे. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात दूध पीत असे, लोणी खात असे, अशा लोककथेच्या थाटात तो बोलू लागतो. तो माणूस युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडले. आता त्याला हिंदुस्थानात जावयाचे आहे, तेथे गेला तरच पूर्वीसारखे खाणे मिळेल. आणखी दोन वर्षे येथे राहिला तर तो मरून जाईल. देवाने तह घडवून आणला तर सुटका होईल, असा त्याचा आशय. सारे निवेदन सव्वा-दीड मिनिटाचे. पंडितांना हवे होते पंजाबीचे उच्चार. ते त्यांनी घेतले, कोष्टकात त्याचे नाव, गाव लिहून घेतले, आणि तबकडी क्रमांक घालून ठेवून दिली. ती आज बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातील ध्वनिसंग्रहात आहे. 'मी' हा शब्द न उच्चारताही त्या आवाजात 'मी' किती भरलेला आहे, हे कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात लिहिणार?

५

आवाज साठविता आला म्हणजे बोली राखली, असाही समज करून घेऊ नये. अंदमानातील 'बो' ही भाषा बोलणारी अखेरची स्त्री बोआ सीनियर 26 जानेवारी 2010 रोजी निवर्तली. तेव्हा तिचे वय सुमारे 85 होते. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचा आवाज आणि तिची भाषा मोठ्या साक्षेपाने नोंदवून ठेवली आहे. परंतु अखेरच्या वर्षांत त्या भाषेत तिच्याशी बोलणारे कोणीच उरले नव्हते. माणसांशी बोलण्यासाठी तिला हिंदी शिकावी लागली, आणि आपल्या भाषेत ती पक्ष्यांशी बोलत असे, असे तिला ओळखणाऱ्यांनी सांगितले आहे. उच्चार शुद्ध, स्मृती शाबूत, कंठ शाबूत. नाहीसा झाला होता तो ऐकणारा. आवाजाला दोन टोके असतात. यंत्र एका टोकाची राखण करते. दुसरे टोक माणसालाच व्हावे लागते.

गणेश देवी यांच्या पुढाकाराने 2010 मध्ये भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण सुरू झाले आणि त्यात 780 भाषांची नोंद झाली. ग्रियर्सन यांच्या पाहणीहून याचा वेगळेपणा असा की, नमुना मागविणारा अधिकारी येथे मध्यस्थ राहिला नाही. आपापल्या भाषेविषयी लिहिणारे पुष्कळसे त्या भाषेचेच लोक होते. सव्वाशे वर्षांत झालेला हा पालट लहान नाही. तरीही ग्रियर्सन यांचे ऋण कमी होत नाही. सरकारी नोकरीत राहून, दौऱ्यावर हिंडत, रयतेच्या तोंडी कोणता शब्द आहे हे ऐकावेसे वाटणे, हीच मुळात विरळा गोष्ट.

उधळ्या पुत्राच्या कथेत एक बारकावा आहे. घरी गेल्यावर बापाला काय सांगावयाचे, ते त्या मुलाने वाटेत पाठ करून ठेवलेले असते. मला मुलगा म्हणू नका, चाकरात ठेवा, असा त्याचा शेवट. पण प्रत्यक्ष भेटीत त्याचे ते बोलणे पुरे होतच नाही. चाकरीची विनंती ओठांवर येण्याआधीच बाप नोकरांना हाक मारून वस्त्रे आणावयास सांगतो. लिहून आणलेला जबाब पुरा व्हावा, याची गरज ऐकणाऱ्याला उरली नव्हती.

आपल्या कचेरीत असे घडणे शक्य नाही आणि घडू नयेही, कागद हवाच. पण उद्या एखादा माणूस समोर येऊन आपल्या बोलीत अडखळत काही सांगू लागला, तर लेखणी उचलण्यापूर्वी क्षणभर त्याचे बोलणे तसेच कानी पडू द्यावे. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, परमुलखात वाढणारा आपला मुलगा 'हे जग' आणि 'तू जग' यांतील ज वेगळा उच्चारतो की नाही, तेही ऐकावे. उच्चारीत नसेल तर त्याला रागे भरू नये. त्याच्याशी थोडे अधिक बोलावे. तो भेद कोणत्याही पुस्तकात लिहिलेला सापडणार नाही. तो आपल्याच आवाजात त्याला मिळावयाचा आहे.